समुद्रतळाची तुटकी पाइपलाइन वर काढताना या चुका टाळा

गेल्या मे महिन्यात मंगळवेढ्याकडे मेव्हण्याच्या शेतात बोअरमधली मोटर पडली. साडेचारशे फूट खोल बोअर, लोखंडी पाइप मधेच तुटलेला, मोटर खाली. काढणारी पोरं आली, तिपाई उभी केली, चेन पुली लावली आणि गळ सोडला. गळ कशाला तरी लागला तसं पोरांनी ओढायला सुरुवात केली. पंधरा मिनिटांत तुटक्या पाइपचं तोंड असं चेपलं की नंतर एकही हत्यार त्यात शिरेना. दोन दिवस गेले. शेवटी बाहेरून धरणारी कडी वेल्डिंग करून आणली तेव्हा पाइप वर आला. ते चपटं तोंड हातात घेऊन मी पोरांना म्हणालो, "हेच मी समुद्रात हजार मीटरवर बघितलंय." त्यातला एक माझ्या तोंडाकडे बघतच राहिला. "अण्णा, समुद्रात पण मोटर पडते व्हय?"

मोटर नाही, पाइपलाइन पडते. म्हणजे ती तळावर पडलेलीच असते, पण तुटते, चेपते, आणि वर काढावी लागते.

मी सोलापूरचाच. वडील गिरणीत जॉबर होते, मी आयटीआयचा फिटर. एकोणीस वर्षं जहाजांवर पाण्याखालच्या हत्यारांची देखभाल केली, थोडी पश्चिमेकडे 'मुंबई हाय' या समुद्रातल्या तेलक्षेत्रावर आणि बरीच पूर्वेकडे, आंध्रच्या किनाऱ्यापुढच्या समुद्रातल्या कृष्णा-गोदावरी खोऱ्यात. आता चिंचोळी एमआयडीसीत हायड्रॉलिक दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. समुद्र गाठायला इथून रात्रभराची गाडी, पण टूल्स माझ्याकडे सर्व्हिसिंगला येतात आणि त्यांच्यामागून या धंद्यात जाऊ बघणारी पोरंही येतात. त्यांच्यासाठी हे लिहितोय. इतक्या वर्षांत मी बघितलेल्या बहुतेक फजित्यांचं मूळ जमिनीवर, टूल बंदरावर चढायच्या आधीच होतं.

आधी काम काय असतं ते थोडक्यात. पाइपलाइन जहाजाच्या नांगराने ओढली जाते, तळावरचा चिखल घसरून वाकते, किंवा टाकतानाच दुमडते. ८ ऑक्टोबर २०२३ रोजी फिनलंड आणि एस्टोनिया यांच्यातली बाल्टिककनेक्टर ही गॅसवाहिनी जहाजाच्या नांगराने फाटली. बाल्टिक तसा उथळ समुद्र, तरी ती पुन्हा सुरू व्हायला एप्रिल २०२४ उजाडला. 'मुंबई हाय'वर पाणी ७५-८० मीटर, तिथे पाणबुडे काम करू शकतात. कृष्णा-गोदावरी खोऱ्यात काही ठिकाणी पाणी २००० मीटरच्याही पुढे जातं. तीनशे मीटरच्या खाली माणूस कामाला जातच नाही असं धरा. तिथे सगळं आरओव्ही, म्हणजे जहाजावरून चालवायचा पाण्याखालचा रोबो.

तो आधी तळ बघतो. मग सक्शन पंपाने पाइपभोवतीचा चिखल काढायचा, दोन उचल-फ्रेम लावून पाइप तळापासून वर धरायचा, वरचं कोटिंग सोलायचं, खराब भाग कापायचा, तोंड साफ करायचं. त्या तोंडात रिकव्हरी टूल घालायचं. हे टूल आतून पाइप धरतं आणि तोंडही बंद करतं. मग आतलं पाणी हवेने किंवा नायट्रोजनने ढकलून बाहेर काढायचं आणि हलका झालेला पाइप विंचने, म्हणजे जहाजावरच्या रोप गुंडाळणाऱ्या यंत्राने, वर ओढायचा. डेकवर नवीन तोंड वेल्ड करून परत खाली सोडायचा. वाचायला पाच ओळी. करायला, हवामानाने साथ दिली तर, आठवडे.

चेपलेल्या तोंडाच्या जवळ कापणं

नांगराने ओढलेला पाइप फाटतो तिथे तर चपटा होतोच, पण त्या चपटेपणाची शेपूट बरीच लांब गेलेली असते. कॅमेऱ्यात ती दिसत नाही. रुंद कोनाची लेन्स आणि गढूळ पाणी, त्यात लंबगोल पाइपसुद्धा गोलच वाटतो. जहाजाचं भाडं दिवसावर चालू असतं, म्हणून फाटल्या जागेपासून दोन हात सोडून करवत लावायचा मोह होतो. मग टूल शिरत नाही. टूल आणि पाइप यांच्यात काही मिलिमीटरचीच फट असते. अंदाजाने चालत नाही, कॅलिपर लावून उभं आणि आडवं अशी दोन्ही मापं घ्यायची, आणि दर मीटरवर घेत जायची. जिथे दोन्ही मापं जुळतात, तिथून अजून थोडं मागे जाऊन कापायचं.

आणि टूल अर्ध्यात अडकलंच तर? बोअरवाल्या पोरांनी केलं ते करायचं नाही. रेटायचं नाही, आपटायचं नाही. परत बाहेर काढून टूलचं नाक कॅमेऱ्यासमोर आणायचं. आम्ही नाकाला पांढरा रंग द्यायचो तो याचसाठी. एकाच बाजूला घासल्याची खूण असेल तर टूल तिरकं जातंय, फ्रेमची उंची बदला. समोरासमोर दोन खुणा असतील तर पाइप लंबगोल आहे, दुसरीकडे कापा. एकच सरळ लांब ओरखडा असेल तर पाइपच्या आतल्या शिवणीचा, म्हणजे लांबीभर गेलेल्या वेल्डिंगचा उंचवटा आडवा येतोय, किंवा कापताना राहिलेली धातूची धारदार कड टोचतेय. ती घासून काढायची. खूणच नसेल आणि टूल शेवटच्या वीतभर अंतरात थांबत असेल तर आत वाळू किंवा मेण साचलंय, पाण्याचा फवारा मारून धुवा. चार वेगळ्या खुणा आणि चार वेगळे इलाज. रेटून यातला एकही दोष जात नाही.

आत-बाहेर दाब सारखा असेलच असं धरणं

यात जीव जातात, म्हणून इथे जरा थांबतो.

समुद्रात दर दहा मीटरला साधारण एक बार दाब वाढतो. हजार मीटरवर शंभर बार. गॅसची लाइन वरून रिकामी करून आतला दाब २० बारवर आणला असेल तर आत-बाहेर ८० बारचा फरक झाला. २० इंची पाइपच्या तोंडावर तो फरक किती जोर लावतो? आतला व्यास ४५८ मिलिमीटर धरला तर सुमारे १३४ टन. करवत आरपार गेल्या क्षणी तेवढ्या जोराने समुद्र आत घुसतो आणि समोर असेल ते ओढून नेतो.

उथळ पाण्यात तर हा फरक जास्तच फसवा, कारण तिथे माणूस असतो. २५ फेब्रुवारी २०२२ रोजी त्रिनिदादमध्ये ३० इंची पाइपलाइनवर काम करणारे पाच पाणबुडे आत ओढले गेले. जिवंत परतला एकच. या कामात येणाऱ्या प्रत्येकाने ही घटना समजून घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

"अहो, पाइप फुटलाच आहे, तोंड उघडं आहे, मग दाब सारखाच झाला ना?" हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. तोंडापाशी झाला, मागे झालाच असं नाही. खोल पाण्यात तळाचं तापमान चार-पाच अंश असतं. तिथे गॅस आणि पाणी एकत्र आले की बर्फासारखा घट्ट खडा तयार होतो, त्याला हायड्रेट म्हणतात. असा खडा आत बसला की अलीकडे एक दाब आणि पलीकडे दुसराच. म्हणून कापायच्या आधी, जिथे कापायचं तिथेच, व्हॉल्व्ह असलेल्या ड्रिलने लहान भोक पाडून आतला दाब आणि आत काय आहे हे दोन्ही बघायचं. दुरुस्तीच्या योजनेत ही पायरी "गरज वाटल्यास" अशी लिहिलेली दिसली तर ते शब्द खोडायला सांगा.

करवत मधेच अडकते तेव्हा

इथली करवत म्हणजे हिऱ्याचे मणी ओवलेली वायर, ती फिरत फिरत पाइप कापते. अर्ध्यात कापल्यावर पाइप स्वतःच्या वजनाने मिटतो आणि वायर चिमटली जाते. मोटरचा दाब एकदम वर जातो, वायर थांबते. पाइपच्या कुठल्या बाजूला ताण आहे आणि कुठल्या बाजूला दाब, हे आधी न बघितल्याचा हा परिणाम. फ्रेम एकेक सेंटिमीटर वर किंवा खाली करून बघा, चीर उघडली की वायर सुटते. नाहीच सुटली तर वायर तोडून तिथेच सोडा आणि शेजारी नवीन काप घ्या. एक वायर वाचवायला अर्धा दिवस घालवू नका.

कोटिंगवरच पकड लावणं

काही टूल्स बाहेरून पकडतात. पाइपवर सिमेंटचा थर असेल तर तो सगळे काढतात, कारण तो डोळ्यांना दिसतो. त्याच्या खाली प्लास्टिकचा थर असतो, तोही बहुतेक जण काढतात. सगळ्यात खाली इपॉक्सीचा पातळ थर असतो, रंग दिल्यासारखा, आणि चुकतं ते तिथे. पकडीचे दात लोखंडात रुतायला हवेत. इपॉक्सीत रुतले तर थोडं वजन धरतात, चाचणी पास होते, आणि पूर्ण भार आला की थर दातांसकट सरकतो. चकचकीत लोखंड दिसेपर्यंत सोलायचं.

आतून पकडणाऱ्या टूलचं तत्त्व असं की उताराच्या पाचरीवर दात किंवा गोळ्या बसवलेल्या असतात. जितकं ओढाल तितकी पकड घट्ट. हायड्रॉलिक फक्त लावायला आणि सोडवायला. त्यामुळे दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. पकड बसली की नाही हे नुसत्या गेजवर ठरवू नका. टूलवर एक यांत्रिक खूण-दांडी असते, ती पूर्ण बाहेर आलेली कॅमेऱ्यात बघा, आणि नंतर थोडा ताण देऊन दांडी हलत नाही याची खात्री करा. दुसरी, "पकड सुटत नाही" अशी तक्रार आली तर सोडवायचा दाब वाढवू नका. दहातल्या आठ वेळा टूलवर अजून वजन लटकलेलं असतं. रोप ढिला सोडा, टूल थोडं आत ढकला, मग सोडवा. आपल्या घरच्या दाराची कडी ताणलेली असली की दार आधी दाबून मग कडी काढतो, तसंच.

पाण्यासकट वजन न धरणं

वर्कशॉपमध्ये येणाऱ्या प्रत्येक पोराला मी हा हिशेब फळ्यावर करायला लावतो. २० इंची पाइप, जाडी २५ मिलिमीटर. एका मीटरचं लोखंड सुमारे २९८ किलो. तेवढा पाइप समुद्राचं जे पाणी बाजूला सारतो त्याचं वजन २०८ किलो, म्हणजे रिकामा पाइप पाण्यात भरतो फक्त ९० किलो. आता तोच पाइप पाण्याने भरलेला. आतलं पाणी मीटरला १६९ किलो. झाले २५९ किलो. जवळजवळ तिप्पट!

हजार मीटर खोलीतून वर ओढताना विंचवर किमान हजार मीटर पाइपचं वजन येतं. रिकामा असेल तर ९० टन, भरलेला असेल तर २५९ टन, आणि तळाकडची ओढ वेगळी. एका विंचला जमणारं काम आणि न जमणारं काम यांत फरक एवढाच, की आतलं पाणी निघालं की नाही. खोलात रोपचं स्वतःचं वजनही धरावं लागतं. ७६ मिलिमीटरची वायर मीटरला साधारण २४-२५ किलो, म्हणजे दोन हजार मीटरला पन्नास टनांच्या घरात. त्यावर लाटांमुळे जहाज वर-खाली होतं त्याचा झटका. पाणी बाहेर काढलं असं धरून क्रेन ठरवली आणि पाणी निघालं नाही, तर काम तिथेच संपलं.

पाणी का निघत नाही याची कारणं ठरलेली. एक म्हणजे दाबच कमी. आपल्याकडच्या बोअरच्या गाडीवरचा कंप्रेसर वीसएक बारचा असतो. हजार मीटरवर बाहेरचं पाणीच शंभर बारने परत ढकलत असतं, त्याच्या वर गेलात तर पाणी हलणार. हवाही थोडीथोडकी लागत नाही. या मापाच्या एक किलोमीटर पाइपमध्ये १६५ घनमीटर जागा आहे, ती शंभर बारने भरायची म्हणजे वरची सोळा-साडेसोळा हजार घनमीटर हवा. दुसरं कारण, पाण्यापुढे जाणारा रबरी डट्टा, ज्याला पिग म्हणतात, तो चेपलेल्या जागी अडतो किंवा हवा त्याला वळसा घालून पुढे जाते. तिसरं, टूलचं सील गळतं.

इथे एक घोळ नेहमी होतो. दाब भरून तासभर ठेवला आणि काटा खाली आला, की सगळे म्हणतात सील गेलं, टूल वर घ्या. थांबा जरा. कंप्रेसरमधून निघालेली हवा गरम असते, तळाशी ती थंड होते आणि थंड झाली की दाब उतरतो. अर्ध्या-अर्ध्या तासाने आकडे कागदावर मांडा. उतरण्याचा वेग कमी कमी होत काटा स्थिरावला तर ती थंडी. एकाच वेगाने उतरतच राहिला तर ती गळती. मग आरओव्हीला सीलपाशी नेऊन बुडबुडे शोधा. फक्त हा कागद न मांडल्यामुळे चांगलं बसलेलं टूल काढून वर आणलेलं मी स्वतः बघितलंय.

जमिनीवरच्या सवयीने नायट्रोजन भरणं

सोलापूर जिल्हा साखर कारखान्यांचा. इथल्या कित्येक पोरांनी मिलच्या टॉप रोलरवरचं हायड्रॉलिक सांभाळलेलं असतं. ॲक्युम्युलेटर, म्हणजे दाबाखालचं तेल साठवणारी बाटली, त्यातला रबरी फुगा, त्यात नायट्रोजन कसा भरायचा, हे त्यांना शिकवावं लागत नाही. आपल्या पोरांची ही फार मोठी जमेची बाजू आहे आणि मी मुलाखतीला जाणाऱ्या प्रत्येकाला हे ठासून सांगायला लावतो. पण तीच सवय समुद्रात उलटते.

दहा लिटरचा ॲक्युम्युलेटर घ्या. त्यात ९० बार नायट्रोजन भरला, आणि तेलाचा दाब २०० बारवरून १०० बारवर येईपर्यंत तो वापरायचा. वर्कशॉपच्या टेबलावर त्यातून साधारण साडेचार लिटर तेल मिळतं. टूल झकास चालतं, सगळे खूश. तेच टूल हजार मीटरवर नेलं की बाहेरचे शंभर बार सगळ्या हिशेबात मिसळतात. फुगा आधीच दबलेला. त्यात आपल्या वर्कशॉपमध्ये मे महिन्यात चाळीस अंशाला भरलेला नायट्रोजन तळाच्या चार अंशाला आला की दाब अकरा-बारा टक्के आणखी उतरतो. हिशेब करून बघा, दहा लिटरच्या त्याच बाटलीतून दीड लिटरही तेल मिळत नाही. पकड अर्धी बसते आणि थांबते. सगळे म्हणतात टूल नादुरुस्त आहे, पण वर आणलं की परत झकास चालतं. "वर चालतं, खाली चालत नाही" अशी तक्रार आली की मी पहिला प्रश्न विचारतो, नायट्रोजन कुणी भरला, किती खोलीसाठी भरला, आणि त्या दिवशी ऊन किती होतं.

याच जातीची दुसरी चूक, तेलात राहिलेली हवा. वर एक लिटर हवा असेल तर हजार मीटरवर तिचे दहा मिलिलिटर उरतात. मोकळ्या झालेल्या जागेत शिरायला समुद्र टपलेलाच असतो. खाली जाणाऱ्या प्रत्येक खोक्याला तेलाची पिशवी जोडलेली असते, ती बाहेरचा दाब आत पोचवते आणि अशी घट भरून काढते. पण हवा जास्त असेल तर पिशवी आधीच रिकामी होते, मग सीलवर ओढ येते आणि खारं पाणी आत. वर आलेल्या टूलमधलं तेल ताकासारखं पांढरट दिसलं तर समजा, हेच झालं. हवा काढायला टूल तिरकं करा, उलटं करा, कोपऱ्यातला प्रत्येक स्क्रू सैल करून बघा. तेलाची धार अखंड येईपर्यंत थांबा. तास लागला तर तास द्या.

एका रबरी कड्याची रात्र

माझ्या हातून झालेली चूक आता सांगतो. बंगालच्या उपसागरात, वादळांचा हंगाम तोंडावर, आम्हाला चार दिवसांची शांत हवा मिळाली होती. टूल तीन वर्षं गोदामात होतं. कागदपत्रं चोख, तपासणीचा शिक्का ताजा. डेकवर मी दाब भरून बघितला, धरला. खाली गेलं, आरओव्हीने हॉट स्टॅब लावला, म्हणजे तेल देणारी ती पितळी खुंटी खाचेत सरकवली. दाब दिला आणि खुंटीच्या कडेने तेलाची बारीक रेघ पाण्यात चढताना दिसली, अगरबत्तीच्या धुरासारखी. परत काढून लावली, तीच रेघ. टूल वर घ्यायला, उघडायला, परत सोडायला रात्र गेली आणि सकाळी वारा सुटला.

खाचेतली ओ-रिंग मी नखाने काढून तळहातावर ठेवली. ती गोल राहिलीच नव्हती. एका अंगाने सपाट, दुसऱ्या अंगाने फुगीर, अर्ध्या शेंगदाण्यासारखी. तीन वर्षं त्याच खाचेत दाबून बसलेली, रबराची परत फुगायची ताकद गेलेली. डेकवर तीस अंशाच्या गरमीत ती मऊ होती म्हणून दाब धरला. तळाच्या थंडीत ती आखडली आणि फट पडली. दहा-वीस रुपयांचं कडं. ते बदलायला मला दोन मिनिटं लागली असती आणि मी शिक्क्यावर विश्वास ठेवला.

तेव्हापासून माझा नियम आहे. टूल वर्षभराहून जास्त पडून असेल तर दिसायला कितीही नवी असोत, बाहेरची सगळी सील्स बदलायची. आणि चाचणी थंडीत घ्यायची. माझ्याकडे टाकीत बर्फाच्या लाद्या टाकून त्यात हॉट स्टॅब रात्रभर ठेवतो आणि सकाळी दाब भरतो. बर्फवाल्याला अजून कळलेलं नाही की हिवाळ्यातसुद्धा मला एवढा बर्फ कशाला लागतो.

त्याबरोबर पाइपचा तुकडाही हवा. ज्या लाइनवर काम करायचं तिच्याच मापाचा, त्याच जाडीचा मीटर-दोन मीटर तुकडा वर्कशॉपमध्ये आणून टूल त्यात घाला, पकड लावा, ओढा, सोडवा. आतला व्यास कागदावर एक असतो आणि कारखान्यातून येणाऱ्या पाइपचा दुसरा. जाडीतल्या फरकाने तो बदलतो.

डेकवर आलं म्हणजे झालं असं समजणं

पाइपचं तोंड जहाजावर येतं तेव्हा सगळे दमलेले असतात. वेल्डर तयार, साहेब घड्याळ बघतोय, आणि टूल पटकन काढायचं असतं. पण आत काय आहे आठवा. पाणी काढायला भरलेला शंभर बारचा नायट्रोजन आत तसाच आहे. खाली बाहेरून समुद्रही तेवढाच दाबत होता, म्हणून काही वाटलं नाही. इथे बाहेर फक्त हवा आहे. त्या दाबाने टूलवर सुमारे १६८ टनांचा जोर बसतो आणि पकड सोडवली तर ते तोफेच्या गोळ्यासारखं सुटेल.

आधी व्हॉल्व्हमधून दाब सोडायचा. मग दोन वेगवेगळ्या गेजवर शून्य बघायचं, कारण एक गेज अडकलेला असू शकतो. मग व्हॉल्व्ह उघडाच ठेवून थोडं थांबायचं आणि परत बघायचं. मागे कुठे पाणी किंवा हायड्रेट अडकलं असेल तर दाब पुन्हा चढतो. हे होईपर्यंत तोंडासमोरच्या रेषेत कुणीही उभं राहायचं नाही, साहेबसुद्धा नाही.

धुताना आणि ठेवताना

काम झालं की टूल गोड्या पाण्याने धुतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण कुठलं गोडं पाणी? माझ्याकडे पहिल्या वर्षी आलेली दोन टूल्स आम्ही बोअरच्या पाण्याने धुतली. आपल्या बोअरचं पाणी किती जड आहे ते घरातल्या गिझरला विचारा. वाळल्यावर दातांच्या खाचांत पांढरे थर बसले आणि पाचर अडखळायला लागली. आता मी शेवटचं धुणं आरओच्या पाण्याने करतो. नळाचं उजनीचं पाणी कधी येईल त्याची वाट बघत टूल ओलं ठेवणं परवडत नाही, म्हणून आरओची टाकी आधी भरून ठेवतो. आणि नुसतं वरून धुऊन भागत नाही. दात काढून, गोळ्या काढून, गंज स्वतःवर घेणारे जस्ताचे ठोकळे किती झिजलेत ते बघून, प्रत्येक पोकळीत हवा मारून वाळवायचं.

ठेवताना पकड ढिली ठेवायची, सील्सवर ताण नको. नायट्रोजन उतरवून ठेवायचा. पेटीच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटने लिहायचं, कागदावर नको, कागद हरवतो. सील कधी बदलली ती तारीख, नायट्रोजन किती आणि किती अंशाला भरला होता, शेवटची चाचणी कुठल्या मापाच्या पाइपवर घेतली, आणि टूलमध्ये काही खोड असेल तर तीसुद्धा. "डाव्या बाजूची दांडी शेवटचे दोन मिलिमीटर हळू येते" असं एका पेटीत मी सहा वर्षांपूर्वी लिहिलं होतं. मागच्या महिन्यात त्या पेटीचं टूल परत माझ्याकडे आलं. खाली माझ्या अक्षराशेजारी दुसऱ्या कुणाच्या तरी हाताने लिहिलं होतं, "अजूनही येते. थांबायचं, दाब वाढवायचा नाही."